राजीनामा लिहून घेणं हे एचआरचं काम आहे का? (उद्यमबाग, होनगा, शिनोळी, निपाणीकडच्या मंडळींनी जरूर लिहा)

मच्छेकरीण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात एका कारखान्यात एचआर आणि टाइम ऑफिस (हजेरीच्या नोंदी) बघते. कारखान्याचं नाव लिहिणार नाही. कुणाला अंदाज आलाच तर कृपा करून इथं लिहू नका. उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती या पट्ट्यात फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) किंवा मशीन शॉपमध्ये ज्यांनी काम केलंय, त्यांनी हा प्रकार कुठं ना कुठं पाहिलाच असेल.

ऑर्डर घटली, किंवा माणूस पन्नाशी ओलांडून गेला आणि उचलाउचलीचं काम त्याला झेपेना, की त्याला कमी करायचं ठरतं. धंद्यात अशी वेळ येते, हे मला कळतं. पण त्याला कामावरून कमी केलं असं कागदावर कधीच येत नाही. कागदावर येतं, त्यानं घरगुती अडचणीमुळं स्वखुशीनं राजीनामा दिला. मजकूर आधीच टाईप केलेला, इंग्रजीत. नाव आणि टोकन नंबर भरायचा, तारखेची जागा रिकामी ठेवायची. आणि सही घ्यायला एचआरला सांगतात, कारण कामगारांचा आमच्यावर विश्वास असतो. रजेचा अर्ज, पीएफचा फॉर्म, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, पोराच्या कॉलेजसाठी पगाराचा दाखला, सगळं आमच्याच टेबलावरून जातं. त्याच टेबलावर हा कागदही पुढं सरकवायचा.

परवा कोअर शॉपमधल्या (ओतकामाच्या साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथल्या) एका मामांना असंच बोलावलं. चंदगडकडचे आहेत, बावीस वर्षांची सर्व्हिस. शिफ्ट संपता संपता आले. हात धुतलेले, पण नखांत वाळू तशीच. चष्मा आणला नव्हता. "ताई, कशाचं हाय हे?" शेजारी बसलेले साहेब म्हणाले, "पीएफचं हाय मामा, टाका सही करून." मी तो कागद त्यांना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मी कवा म्हटलो काम सोडतो म्हणून?" सही झाली नाही. साहेब तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

आता हिशोब बघा. त्यांचा बेसिक आणि डीए मिळून १८,२०० रुपये आहे असं धरा. ग्रॅच्युइटी, म्हणजे सर्व्हिसच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम, राजीनामा दिला तरी मिळतेच: १८,२०० भागिले २६, गुणिले १५, गुणिले २२ वर्षं, म्हणजे २,३१,००० रुपये. पण कामगार कपात म्हणून कमी केलं, तर याशिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सर्व्हिसच्या दर वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. महिना तीस दिवसांचा धरून हे दोन्ही मिळून २,१८,४०० होतात. ज्या माणसाला वाचता न येणाऱ्या भाषेतल्या एका ओळीवर सही करायला लावतात, त्याचे दोन लाख रुपये त्या ओळीत जातात. पोरीच्या लग्नाचे असतील, नाहीतर घरावरच्या पत्र्याचे.

मी मालकाचा पगार घेते, युनियनचा नाही. कारखाना नीट चालावा हे बघणं माझं कामच आहे. पण माझ्या टेबलावरून जाणारा कागद खरा असला पाहिजे आणि सही करणाऱ्याला तो कळला पाहिजे, एवढं तरी एचआरनं धरून ठेवावं की नाही? आपल्याकडं तर हा प्रश्न जास्तच मोठा. कामगार मराठी, काही कानडी, आता ओडिशा-बिहारची पोरंही आली, आणि कागद सगळा इंग्रजी.

तुमचे अनुभव लिहा. आत राहून काय करता येतं, हे कुणाला माहीत असेल तर तेही सांगा.

फेटलिंगवाला

ताई, तुम्ही वाचून तरी दाखवला. आमच्याकडं कामाला लागतानाच कोऱ्या कागदावर सही घेत्यात, ती पण रेव्हेन्यू स्टँप लावून. का म्हणून विचारलं तर "सगळ्यांचीच घेतो की रे". तो कागद साहेबाच्या कपाटात असतोय. माणूस जरा जास्त बोलायला लागला की कपाट उघडतंय. माझा पण कागद आहे तिथं.

शहापूरचा_जुना_युनियनवाला

मच्छेकरीण, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. मी तीस-पस्तीस वर्षं कामगारांत वावरलो, आता निवृत्त आहे. जे माहीत आहे ते सांगतो.

पहिली गोष्ट, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झाल्या आहेत, त्यामुळे जुन्या कायद्यांची नावं घेऊन कुणी बोलत असेल तर जरा जपून ऐका. कपातीच्या भरपाईचं सूत्र मात्र तेच राहिलं: वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार आणि एक महिन्याची नोटीस. शेवटी आलेल्या माणसाला आधी कमी करायचं, हे तत्त्वही राहिलं. म्हणून तर राजीनाम्याची वाट शोधतात. बावीस वर्षांच्या मामांना घालवून दोन वर्षांच्या पोराला ठेवायचं, तर त्याचं कारण लेखी द्यावं लागतं. राजीनाम्याला कारण लागत नाही.

नवीन वेतन संहितेत एक कलम कामगाराच्या फार उपयोगाचं आहे. काढला असो की राजीनामा दिलेला असो, त्याचा शिल्लक पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी, ती ३० दिवस. पूर्वी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत तीन-तीन महिने झुलवायचे.

दुसरं, प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं आहे. मी इथल्या किती कारखान्यांत बघितलंय, पंधरा-पंधरा वर्षं काम केलेल्या माणसाकडं हजेरीच्या कार्डाशिवाय काही कागद नसतो.

आणि भाषेचं. १९४६ च्या स्थायी आदेश (कारखान्यातल्या नोकरीचे नियम) कायद्यात स्पष्ट होतं की ते आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत गेटजवळ लावायचे. बेळगावात ते मराठीत लावलेले किती गेट दाखवाल? मी मागण्या करून करून थकलो. अंतर्गत चौकशीतही तेच. आरोपपत्र त्याला समजत नसेल, तर तो उत्तर काय देणार? अशी चौकशी कोर्टात टिकायला अवघड जाते, हे मॅनेजमेंटलाही ठाऊक असतं.

फेटलिंगवाले, तुमच्यासाठी: कोऱ्या कागदावर सही घेतली गेली असेल तर आजच कामगार अधिकाऱ्याला साध्या मराठीत एक अर्ज लिहा, त्याची पोच घ्या, आणि एक प्रत कंपनीला स्पीड पोस्टनं पाठवा. "माझ्याकडून अमुक साली कोऱ्या कागदावर सही घेतली आहे, मी राजीनामा दिलेला नाही." एवढंच. उद्या कपाट उघडलं तर हा अर्ज तारखेनं आधीचा असेल.

फेटलिंगवाला

काका, अर्ज दिला तर दुसऱ्या दिवशी गेट बंद होईल हो.

शहापूरचा_जुना_युनियनवाला

होऊ शकतं. म्हणून एकट्यानं देऊ नका. ज्यांच्या ज्यांच्या सह्या आहेत त्यांनी मिळून द्या. आणि वकिलाच्या फीची भीती बाळगू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२: औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. बायकांनाही तसंच. बेळगावच्या कोर्टाच्या आवारात चौकशी केली की कार्यालय दाखवतात.

लघुउद्योजक_बेळगाव

धागा वाचला. मी मालक आहे, छोटा मशीन शॉप आहे. इथं मालकाचं कुणी लिहिणार नाही, म्हणून लिहितो.

मोठ्या कंपन्यांना माल जातो. कायद्यानं आम्हाला ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, २००६ चा एमएसएमई (लघुउद्योगांचा) कायदा तसं म्हणतो. प्रत्यक्षात नव्वद, कधी एकशेवीस दिवस. तक्रार केली तर पुढची ऑर्डर कोइमतूरला नाहीतर राजकोटला जाते. त्यात एखादं वर्ष ट्रॅक्टरचं, ट्रकचं मार्केट पडलं की आमच्याकडं मशीन उभं राहतं. अशा वेळी बावीस वर्षांच्या माणसाचे चार-साडेचार लाख एका दिवसात कुठून आणायचे? मी कुणाच्या कोऱ्या कागदावर सही घेतलेली नाही आणि घेणारही नाही. पण प्रत्येक मालक राक्षस आहे असा सूर लागू नये.

मच्छेकरीण

साहेब, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं वाटलं, खरंच. पेमेंटचं तुमचं दुखणं खरं आहे, मी आमच्याकडंही ते रोज बघते. पण ग्रॅच्युइटीचे २,३१,००० हे त्या दिवशी अचानक उभे राहिलेले नाहीत. ते बावीस वर्षं दर वर्षी थोडे थोडे साठत आलेलं देणं आहे. बँकेचा हप्ता चुकवून आपण म्हणत नाही की बँकेनं स्वखुशीनं सोडून दिला. कर्नाटक सरकारनं २०२४ मध्ये ग्रॅच्युइटीचा विमा सक्तीचा करणारे नियम आणले ते याचसाठी, की मालकाच्या खिशात त्या दिवशी पैसे असोत-नसोत, कामगाराचे असावेत. तुम्ही उतरवलाय का?

लघुउद्योजक_बेळगाव

एलआयसीचा ग्रुप ग्रॅच्युइटी आहे, बऱ्याच वर्षांपासून. दर वर्षी हप्ता भरतो. कपातीच्या भरपाईसाठी मात्र काही बाजूला काढलेलं नाही, हे खरं. तुमचा मुद्दा मान्य करतो.

अजून एक. आपल्याच बेळगावात सुरेश हुंदरे यांनी पॉलिहायड्रॉन ही कंपनी चालवून दाखवली. लाच नाही, चोरटा हिशोब नाही, कामगारावर विश्वास. माझे वडील त्यांचं उदाहरण घरी सांगायचे. उद्यमबागेत हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांना मी तेच सांगतो.

शिनोळी_पलीकडं

आमची गंमत वेगळीच आहे. घर बेळगाव तालुक्यात, कंपनीचं ऑफिस बेळगावात, आणि काम शिनोळीच्या एमआयडीसीत, म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. पगार कुठल्या राज्याच्या किमान वेतनानं द्यायचा विचारलं, तर जिथलं कमी असेल तिथलं सांगतात. ओटीबद्दल (जादा तासांच्या पगाराबद्दल) विचारलं की दुसऱ्या राज्याचं नाव घेतात. तक्रार बेळगावात करायची की कोल्हापुरात, हेच कुणाला कळत नाही.

खानापूरचे_वकील

शिनोळी_पलीकडं, काम जिथं चालतं तिथलं किमान वेतन लागू होतं. ऑफिस कुठं आहे, तुम्ही राहता कुठं, याचा त्याच्याशी संबंध नाही. तुमचं काम शिनोळीत असेल तर महाराष्ट्राचे दर, आणि कामगार कार्यालयही तिकडचं, कोल्हापूर जिल्ह्याचं. निपाणीतून कागलला जाणाऱ्यांचंही तसंच. ओटी मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना दुप्पट दरानं, त्यात फरक नाही. नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण काय लिहिलंय ते बघा. बेळगाव लिहून काम शिनोळीत करून घेत असतील तर गेट पास, बसचा पास, शिफ्टच्या चिठ्ठ्या जपून ठेवा.

मच्छेकरीण यांच्या मूळ प्रश्नावर: दबावाखाली किंवा फसवून घेतलेला राजीनामा हा राजीनामाच नव्हे, ती नोकरीवरून काढण्याची दुसरी तऱ्हा आहे. पण हे सिद्ध करणं कामगाराच्या अंगावर येतं, आणि सही त्याचीच असते. म्हणून वेळ महत्त्वाची. सही झाली असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, राजीनामा मागे घेतोय असं लेखी कळवायचं. राजीनामा अमलात येण्याआधी तो मागे घेता येतो. महिन्याभरानं, हिशोबाचे पैसे घेऊन, मग तक्रार केली तर न्यायाधीश विचारणारच की इतके दिवस गप्प का होता. आमच्याकडं बहुतेक जण तेव्हाच येतात.

सीएनसी_ऑपरेटर_२३

सर, एक विचारायचं होतं. आयटीआय झाल्यावर एका कंपनीत लागलो. त्यांनी दहावीचं आणि आयटीआयचं ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतलंय आणि दोन वर्षांचा बाँड आहे. आधी सोडलं तर ७५,००० भरायचे. ट्रेनिंग म्हणजे पहिल्या आठवड्यात एका सीनियरनं मशीन दाखवलं, बस. आता पुण्यात चांगली नोकरी मिळतेय. सर्टिफिकेट देत नाहीत. काय करू?

खानापूरचे_वकील

बाँड म्हणजे सगळाच बेकायदा असं नाही, हे आधी नीट समजून घ्या. सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड योग्य ठरवला. पण तिथं सरकारी बँकेला पुन्हा जाहिरात, परीक्षा, भरती असा मोठा खर्च होता आणि तो विचारात घेतला गेला. करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, त्यात वाजवी भरपाई तेवढीच मिळते. एका आठवड्याच्या ट्रेनिंगला ७५,००० वाजवी कसे, हे कंपनीला दाखवावं लागेल.

सर्टिफिकेटचा प्रश्न वेगळा. ते तुमचं आहे. पैशाचा वाद असेल तर त्यांनी दावा करावा, कागद ओलीस ठेवू नयेत. लेखी मागणी करा, स्पीड पोस्टनं. राजीनामा रीतसर द्या, नोटीस पीरियड पूर्ण करा, पळून जाऊ नका. दिलं नाही तर कामगार अधिकारी, आणि मग वकिलाची नोटीस.

मच्छेकरीण

मुला, तुझ्या कंपनीत एचआर असेल त्यांना आधी शांतपणे भेट. आमच्यातल्या कितीतरी जणांना ही सर्टिफिकेटं ठेवणं मनापासून पटत नाही. एखादा तरी बाजूनं उभा राहील. आणि पुढच्या कंपनीत ओरिजिनल फक्त दाखवायचं, द्यायचं नाही.

निपाणीकर_अक्का

एचआर, नेमणूकपत्र, बाँड हे सगळं वाचलं. आमच्या गावात बिडी वळणाऱ्या बायकांना एचआर नावाचं कुणी भेटत नाही. भेटतो तो बिडीचा ठेकेदार. हजार बिड्यांचा दर ठरलेला. पानं वजन करून देतो, पण वाळकी, फाटकी त्यातच. कमी पडली की बाई पदरच्या पैशानं पानं आणते. संध्याकाळी मोजायला बसला की छाट काढतो. ही जाड, ही सैल, हिचं तोंड नीट दुमडलं नाही. छाट काढलेल्या बिडीचे पैसे नाहीत, आणि बिडीही परत देत नाही. मग ती बिडी जाते कुठं? हा प्रश्न माझ्या आईनंही विचारला होता, मीही विचारते.

१९६६ च्या बिडी कामगार कायद्यानं घरी बसून बिडी वळणारीलाही कामगार मानलं. पीएफही लागू आहे. पण कार्डावर नाव एकीचं आणि बिड्या वळणाऱ्या घरातल्या तिघी, असं सर्रास चालतं. दोघींचं काम कुठंच लिहिलं जात नाही.

निपाणी म्हटलं की सगळ्यांना १९८१ चं शरद जोशींचं तंबाखू आंदोलन आठवतं. ते शेतकऱ्यांचं, आणि मोठंच होतं. पण त्याच काळात तंबाखूच्या वखारीतल्या बायकांनीही संघटना केली होती. तंबाखूच्या धुराळ्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका, अंगावरून वास जात नाही म्हणून एसटीत शेजारी कुणी बसायचं नाही. त्यांनी कामाचे तास, मजुरी आणि मुकादमाचं वागणं यावर तोंड उघडलं. मला तेव्हाचं सगळं आठवत नाही, लहान होते, पण आई मोर्चाला गेलेली आठवते. तुम्ही कागदाबद्दल बोलताय. आमचा तर कागदच नाही हो.

मच्छेकरीण

अक्का, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. छाटेची बिडी परत मागण्याचा मुद्दा मला आधी सुचलाच नव्हता.

गणपत_गल्ली

मी कपड्याच्या दुकानात सेल्सला आहे. लग्नसराईत गोवा, कोकण, कोल्हापूरहून गिऱ्हाईक येतं, सकाळी दहा ते रात्री नऊ. बसायला स्टूल नाही. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, कॅमेरा आहे. केरळ आणि तमिळनाडूत दुकानात बसू देण्याचा कायदा केलाय म्हणे, खरं आहे का?

खानापूरचे_वकील

खरं आहे. केरळात २०१८, तमिळनाडूत २०२१. आपल्याकडं तसा वेगळा कायदा नाही, पण मालकाला स्टूल ठेवायला कायद्यानं अडवलेलंही नाही.

सेफ्टी_होनगा

सगळं राजीनाम्यावर चाललंय, म्हणून अपघाताचं लिहितो. एचआरची खरी परीक्षा तिथं होते असं माझं मत.

प्रेस मशीनवर कंत्राटी पोराचं बोट गेलं. पहिला फोन कुणाला जातो? ठेकेदाराला. तो गाडी घेऊन येतो, पोराला ओळखीच्या खासगी डॉक्टरकडं नेतो, बिल स्वतः भरतो. पोरगा म्हणतो, बघा, ठेकेदार किती चांगला. डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, घरी दारात बोट सापडलं. ईएसआयला अपघाताचा अहवाल जात नाही. दोन महिन्यांनी पोराला कळतं की बोट गेल्याचं काहीच मिळणार नाही, कारण कागदोपत्री त्याचा अपघात कारखान्यात झालेलाच नाही.

त्याचा हक्क काय होता ते सांगतो. ईएसआयमध्ये कामावर झालेल्या इजेला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, वर्गणी किती महिने भरली याची अट नाही. बरा होईपर्यंत सरासरी पगाराच्या ९० टक्के. कायमचं अपंगत्व आलं तर त्या प्रमाणात जन्मभर दरमहा रक्कम. आणि यासाठी कामगाराच्या पगारातून फक्त ०.७५ टक्के जातात, मालकाचे ३.२५ टक्के. २१,००० पर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाला. हे पैसे भरलेले असूनसुद्धा फायदा घेऊ देत नाहीत, कारण अहवाल गेला की तपासणी होते आणि प्रेसला गार्ड नव्हतं हे बाहेर येतं.

मी जिथं होतो तिथं एका एचआर बाईंनी एक पद्धत घालून दिली होती. अपघात झाला की आधी अहवाल, मग बाकी सगळं. ठेकेदार गेटवर उभा राहिला तरी त्या पोराबरोबर स्वतः ईएसआय दवाखान्यात जायच्या. मॅनेजरशी भांडणं झाली. पण त्यानंतर प्रेसला गार्ड बसले, कारण लपवता येत नाही म्हटल्यावर दुरुस्त करणं स्वस्त पडतं.

अजून एक, कंत्राटी मुलांसाठी. सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक दर महिन्याला बघा. पगारातून कापले आणि भरले नाहीत, तर तो फक्त थकबाकीचा विषय राहत नाही, विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होतो. ठेकेदार बुडाला तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही.

पुण्यातली_बेळगावकर

मी टिळकवाडीची, आता पुण्यात एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये. मच्छेकरीण, तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग कुणी घेतला नाही, आत राहून काय करता येतं. माझ्या अनुभवातून.

माणसं कमी करावी लागतात तेव्हा ते नीट करता येतं. आधी यादी सर्व्हिसच्या क्रमानं लावा, साहेबांच्या नाराजीच्या क्रमानं नको. ज्याला सांगायचं त्याला त्याच्या वरच्यानं आणि एचआरनं समोर बसून सांगायचं, गेटवर वॉचमननं नव्हे. महिन्याच्या शेवटी नको, शुक्रवारी संध्याकाळी नको, आणि गणपतीच्या किंवा गावच्या लक्ष्मी यात्रेच्या तोंडावर तर नकोच. आपल्या गावांत यात्रा वर्षानुवर्षांनी भरते, घरात सगळे पाहुणे गोळा झालेले असतात, त्या आठवड्यात नोकरी गेलेला माणूस कुणाला तोंड दाखवेल? पत्र त्याच्या भाषेत. पैशाचा हिशोब पत्रासोबतच, आकडे मोडून दाखवलेले, म्हणजे तो घरी नेऊन पोराला दाखवू शकेल. अनुभवाचा दाखला त्याच दिवशी. पुन्हा भरती झाली तर आधी यांना बोलवायचं, हे कायद्यातच आहे, पण पत्रात लिहा.

साहेबांना पटवायचं असेल तर नीतीवरून सुरुवात करू नका असं मला शिकवलं गेलं होतं. आता मला ते पटत नाही. नीतीवरूनच सुरुवात करावी, स्पष्ट शब्दांत, "हे चुकीचं आहे, मी करणार नाही." नंतर खर्चाचा हिशोब दाखवावा. उलट केलं की साहेब फक्त खर्चावर वाद घालतात आणि मूळ मुद्दा कधीच येत नाही.

आणि स्वतःला जपा. एचआरवाल्यांना कामगार म्हणून संरक्षण जवळजवळ नसतं. देखरेखीचं काम आणि पगार १८,००० च्या वर असेल तर नवीन संहितेतही आपण 'कामगार' नाही. तुम्ही जे बोललात ते ईमेलवर लिहून ठेवा, सभ्य भाषेत, तारखेसकट.

लघुउद्योजक_बेळगाव

पुण्यातली_बेळगावकर, शुक्रवारचं आणि यात्रेचं लिहिलंत ते मनाला लागलं. नोंद घेतली.

फेटलिंगवाला

काका, आम्ही अकरा जणांनी मिळून अर्ज दिला काल. पोच घेतली. अजून गेट बंद झालेलं नाही.

शहापूरचा_जुना_युनियनवाला

शाबास. पोचेचा फोटो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असू दे, आणि एक प्रत घरी.

मच्छेकरीण

सगळ्यांचे आभार. मधल्या काळात काय झालं ते सांगते.

मी साहेबांना आणि मालकांना ईमेल केला. दोनच गोष्टी लिहिल्या. कामगाराची सही लागणारा कुठलाही कागद मी त्याला मराठीत किंवा कानडीत वाचून दाखवल्याशिवाय पुढं करणार नाही. आणि आधीच टाईप केलेल्या राजीनाम्यावर सही घेणार नाही. खाली मामांचा हिशोब जोडला. साहेबांनी उत्तर दिलं नाही. मालकांनी बोलावलं. ते म्हणाले, असे किती राजीनामे घेतले गेले ते मला माहीत नव्हतं. खरं-खोटं मी ठरवत नाही. मामांना सध्या टूल रूममध्ये गेज (मापं तपासायची साधनं) देण्या-घेण्याच्या कामावर ठेवलंय. यादीत अजून तिघं होते, त्यांच्यातल्या दोघांना कपातीचं पत्र आणि पूर्ण पैसे द्यायचं ठरलंय. तिसऱ्याचं अजून अडलेलं आहे. माझ्याकडचं टाइम ऑफिस काढून घेतलंय. एचआर राहिलंय, पुढं काय होईल बघू.

पत्राचा मराठी मसुदा मी असा केलाय. काही राहिलं असेल तर सांगा.

"श्री. ... , टोकन क्र. ... . कामाच्या ऑर्डरी कमी झाल्यामुळे कंपनी आपल्याला दि. ... पासून कामावरून कमी करत आहे. यात आपली कोणतीही चूक नाही. आपण राजीनामा दिलेला नाही. आपल्याला मिळणारी रक्कम अशी: शिल्लक पगार ... , नोटिशीचा पगार ... , भरपाई (... वर्षे × १५ दिवस) ... , शिल्लक रजेचा पगार ... , ग्रॅच्युइटी ... , बोनस ... . एकूण ... . पीएफ आणि ईएसआयची माहिती सोबतच्या कागदावर आहे. आपल्या विभागात पुन्हा भरती झाल्यास आपल्याला प्रथम कळवले जाईल. हे पत्र मला मराठीत वाचून दाखवले व समजले: (सही, तारीख). वाचून दाखवणाऱ्याचे नाव व सही: ... ."

खानापूरचे_वकील

चांगला आहे. "आपण राजीनामा दिलेला नाही" ही ओळ काढू देऊ नका, कुणी कितीही म्हटलं तरी. आणि तारीख कामगारानं स्वतःच्या हातानं घालायची, असं ठळक करा.

सेफ्टी_होनगा

आमच्याकडं बैलहोंगल, गोकाकची पोरं बरीच आहेत. हाच मसुदा कानडीत कुणी करून देईल का?

पुण्यातली_बेळगावकर

मी करते. शाळेत कानडी होतं, आणि वहिनी धारवाडची आहे, तिच्याकडून तपासून घेते. रविवारपर्यंत इथंच टाकते.